नऊ गरम सायकली

शनिवारी सकाळी सात वाजता बाबांनी जाहीर केलं, की आज नऊच्या नऊ सायकलींचे फोटो निघणार, आणि तेही चहाचं भांडं धुवायला पडायच्या आत!

"कुठल्या चहाचं?" आईने विचारलं. "आत्ताच्या, की दुपारच्या?"

"आत्ताच्या!"

आईने दुपारच्या चहाची साखर डब्यातून काढून वेगळी ठेवली. पन्नास वर्षांच्या संसारात तिला एवढा अंदाज आला होता.

बाबांचं चष्म्यांचं दुकान होतं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांचे डोळे तपासले, आणि दुकान बंद केल्यावर उरलीसुरली नजरही सायकलींकडे वळवली. त्या घरात दोन सायकली बोळकांडीत होत्या, तीन जिन्याखाली, एक गच्चीत, दोन पडवीत आणि एक थेट पाहुण्यांच्या खोलीत, पाहुण्यांपेक्षा चांगल्या जागी. "घरात माणसं दोन आणि चाकं अठरा," असं आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

थोरली दर शनिवारी यायची. थोरली म्हणजे त्यांची मोठी मुलगी. वय सत्तेचाळीस, काम ग्रंथालयात नव्या पुस्तकांना क्रमांक देऊन जागेवर लावायचं, आणि स्वभाव त्या पुस्तकांसारखाच: कोणी उघडल्याशिवाय न बोलण्याचा. दर शनिवारी तिच्याकडे एकच काम असे. सायकल धरायची आणि सोडायची.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. बाबांच्या मते सायकलीच्या फोटोत फक्त सायकल दिसली पाहिजे. भिंतीला टेकवलेली सायकल आजारी दिसते आणि स्टँडवर लावलेली सायकल बसची वाट बघत असल्यासारखी दिसते. ती स्वतःच्या दोन चाकांवर, कोणाच्याही आधाराशिवाय उभी दिसायला हवी. म्हणून थोरलीने मागून सीट धरायची. बाबा कॅमेऱ्याला डोळा लावून म्हणायचे, "धर... धर... सोड!" की थोरलीने हात काढून फोटोबाहेर उडी मारायची, क्लिक झालं रे झालं की परत झेप घ्यायची आणि सायकल जमिनीला लागायच्या आत पकडायची. तिशी गाठेपर्यंत थोरलीची ही झेप एखाद्या गोलकीपरला लाजवील इतकी तयार झाली होती. घरात फोटोंचे अकरा अल्बम होते. त्यांत ती कुठेच नव्हती. एका फोटोत कोपर होतं.

याशिवाय नियम होते. चेनची बाजू कॅमेऱ्याकडे. उजवं पायडल पुढे, जमिनीला समांतर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, सायकल गरम हवी!

"थंड सायकलीचा फोटो थंड येतो," बाबा म्हणायचे. म्हणजे आधी निदान दोन किलोमीटर ती चालवायची. मग चेन नीट बसते, टायरला अंगावरचं वजन कळतं आणि सायकल जागी दिसते. हे खरं की खोटं, हे विचारायची सोय नव्हती. चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबा एकेका सायकलीवरून दोन चकरा मारून यायचे आणि टोमॅटोसारखं तोंड घेऊन म्हणायचे, "झाली गरम!" आई पडवीतून म्हणायची, "सायकल की तुम्ही?"

त्या शनिवारी दुपारचा चहा झाला तेव्हा आठ फोटो झाले होते. भिंतीवरचं ऊन सरकलं होतं.

"हिरवी राहिली," बाबा म्हणाले.

"पुढच्या शनिवारी काढू."

"काढू. आणि मग ती तू ने. उगाच पडून असते."

"नको हो बाबा. ठेवू कुठे?"

"बरं," बाबा म्हणाले, आणि कॅमेरा पुसायला लागले.

हे संभाषण त्या घराला नवं नव्हतं. थोरली तेरा वर्षांची असताना ती बाटलीहिरवी सायकल घरी आली. तेव्हापासून दर दोन-चार वर्षांनी बाबा विचारायचे आणि थोरली नको म्हणायची. तिला ती हवी होती! पाहुण्यांच्या खोलीत जायला ती नाही नाही ती कारणं काढायची आणि घंटीवरून बोट फिरवून यायची. पण धाकट्या बहिणीला दिसेल ते हवं असायचं, मग घरात कोणीतरी काहीच न मागणारं असणं भाग होतं. "आमची थोरली किती समजूतदार!" हे एकदा चारचौघांत बोललं गेलं आणि थोरली जी अडकली ती अडकलीच. तोंडातून 'नको' हा शब्द इतक्या सराईतपणे यायला लागला, की पुढचा प्रश्न काय आहे हे ऐकायचीही गरज उरली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांना दाढीचा ब्रश सापडेना. आईने तो शोधून आणला, तेव्हा ते खुर्चीत बसलेले होते आणि त्यांना आता ब्रश लागणार नव्हता.

यानंतर सहा आठवडे गेले. त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

सातव्या आठवड्यात बाबांच्या सायकल मंडळाने ठरवलं, की बाबांनी शेवटच्या शनिवारी काढलेले सायकलींचे फोटो ग्रंथालयाच्या हॉलमध्ये लावायचे. थोरली म्हणाली, "मी देते. रोल कॅमेऱ्यातच आहे." बाबा शेवटपर्यंत रोलवालाच कॅमेरा वापरत. थोरलीला तो कॅमेरा हाताळायची कधी वेळ आली नव्हती, कारण ती कायम त्याच्या समोरून उडी मारत असे. रोल संपलाय की नाही हे बघावं म्हणून तिने पडवीत उभं राहून मागचं झाकण खटकन उघडलं.

आत आठ सायकली होत्या. भर उन्हात.

"आई," ती म्हणाली, "रोलला ऊन लागलं. सगळे फोटो गेले."

आईने नजर वर केली. मग उघडा कॅमेरा बघितला. "पातेल्यावरचं झाकण काढून बघायची खोड तुझी लहानपणापासूनची," ती म्हणाली. "भात कितीदा कच्चा राहिला!"

"मी परत काढते. त्यांच्याच पद्धतीने. येत्या शनिवारी. सातला सुरू, नऊला खलास!"

"हो ना," आई म्हणाली, आणि साखरेच्या डब्याकडे बघितलं.

आता अडचण एवढीच, की सायकली गरम कोण करणार? नऊ सायकली एकटीने चालवायच्या तर थोरलीचाच फोटो लावायची वेळ आली असती. मग तिने तिच्या खात्याला शोभेल असं काम केलं. टेप घेऊन प्रत्येक सायकलीच्या सीटपासून पायडलपर्यंतची उंची मोजली. ओळखीतल्या माणसांच्या उंच्या आठवल्या. कोणती सायकल कोणाला बसेल याची यादी केली. नंतर घोळ नको म्हणून प्रत्येक हँडलला पांढऱ्या दोऱ्याने एकेक कार्ड बांधलं. कार्डांसाठी बाहेर जायचीही गरज नव्हती. बाबांच्या दुकानाची कोरी कार्डं खणात गठ्ठ्याने पडली होती. वर दुकानाचं नाव, त्याखाली 'आपल्या नजरेच्या सेवेत', त्याखाली उजवा डोळा, डावा डोळा. थोरलीने नावाच्या रेघेवर माणसाचं नाव लिहिलं आणि डोळ्यांच्या रकान्यात सीटची उंची.

आठ कार्डांवर आठ नावं झाली. नवव्या, हिरव्या सायकलीच्या कार्डावर काय लिहायचं? ती थोरली स्वतःच चालवणार होती. तिने पेन टेकवलं, उचललं, परत टेकवलं. एक ठिपका पडला. कार्ड तिने तसंच बांधलं.

मग सगळ्यांना निरोप धाडला: 'शनिवारी सकाळी सात. बाबांच्या सायकलींसाठी या. पायघोळ कपडे नकोत.' थोरली मोबाइलवरही शब्द जपून वापरायची. तिला तो निरोप स्पष्ट वाटला. तिच्या ओळीतून दुसरा काही अर्थ निघू शकेल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं!

शनिवारी पावणेसातलाच आठही जण हजर. सगळे इस्त्रीच्या कपड्यांत, आणि सगळ्यांच्या विजारी घोट्याशी नीट दुमडलेल्या. अंगणात नऊ सायकली ओळीने उभ्या होत्या. माणसं हळूहळू कार्डं वाचायला लागली.

"अगंबाई," शिवणकाम करणाऱ्या मावशी म्हणाल्या, "माझं नाव!"

"माझंही आहे," दातांचे डॉक्टर म्हणाले, आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

धाकटीचा नवरा, म्हणजे घरचे जावई, डोळ्यांच्या रकान्यातले आकडे बघत होते. हा माणूस पंख्याचंही मायलेज विचारणारा. पण त्याचाही आवाज बसला. "माझी उंची त्यांच्या लक्षात होती," ते कोणाकडेही न बघता म्हणाले. "सेंटिमीटरमध्ये!"

थोरलीने सगळं समजावून सांगायचं ठरवलं होतं. वाक्यं पाठ होती. बाबांची एक पद्धत होती, ती पद्धत अशी, तुम्ही दोन चकरा मारून पंधरा मिनिटांत परत या, मी फोटो काढते. पाचच वाक्यं. ती पायरीवर उभी राहिली आणि म्हणाली, "बाबांचं एक काम राहून गेलं..."

पुढची चार वाक्यं गळ्यातच राहिली. ती तशीच उभी, माणसं तशीच उभी, मावशींची ओढणी डोळ्यांना. आईला हे बघवेना. ती पडवीतून पुढे आली आणि म्हणाली, "ज्याच्या नावाची त्याने घ्या, आणि निघा बघू. ऊन वाढेल."

बस्स! माणसं एकेक करून पुढे आली. जावयांनी सायकलीला हात लावून तो कपाळाला लावायचा तेवढा बाकी ठेवला. डॉक्टरांनी थोरलीचा हात दोन्ही हातांत घेऊन "मी जपेन," असं म्हटलं. पंधरा मिनिटांसाठी हे जरा जास्त होतंय, असं थोरलीला वाटलं खरं. पण ती तोंड धुवायला आत गेली.

ती बाहेर आली तेव्हा अंगण रिकामं होतं. पूर्ण रिकामं.

"हिरवी कुठे?"

"भाऊजी आले होते ना," आई म्हणाली, "क्लच काका. तू बोलावलं नव्हतंस, तरी आले बिचारे. सगळे सायकली घेऊन चाललेत आणि हे हात हलवत उभे! बरं दिसेना. एक कार्ड कोरं होतं. मीच नाव लिहिलं."

क्लच काका म्हणजे बाबांचे जुने मित्र, ड्रायव्हिंग स्कूलवाले. निम्म्या गावाला त्यांनी मोटार शिकवली होती, शेजारच्या सीटवरून "क्लच! क्लच!" असं ओरडत. खरं नाव त्यांच्या लायसन्सवर असावं.

"बरं," थोरली म्हणाली. पंधरा मिनिटांचाच प्रश्न होता. तिने खडूने जमिनीवर चाकांच्या खुणा केल्या, रोल भरला, आईला सायकल धरायची आणि सोडायची पद्धत मोडक्या स्टुलावर शिकवली.

"सोड."

"पडेल."

"पडायच्या आत पकडायचं, आई."

"मग सोडायचंच कशाला?" आई म्हणाली. बाबांना हा प्रश्न इतक्या वर्षांत कोणी विचारला नव्हता.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. मग थोरलीचा मोबाइल किणकिणायला लागला, आणि थांबेचना!

फोटो येत होते. सायकलींचे! पहिल्यात मावशी आपल्या सायकलीशेजारी उभ्या, सायकल स्टँडवर, चेनची बाजू पलीकडे, हँडलला आधीच पिशवी. दुसऱ्यात डॉक्टर, निम्मा फोटो अंगठ्याने व्यापलेला. तिसऱ्यात जावई, धाकटी दांडीवर, दोघांची तोंडं उघडी, सायकलीचं फक्त पुढचं चाक. एका फोटोत सायकल झोपवून तिच्याशेजारी सगळं कुटुंब झोपलं होतं, का ते कळायला मार्ग नव्हता. बाबांचा एकही नियम शाबूत राहिला नव्हता. खाली लिहिलेलं होतं: 'माझी नवी सोबतीण!' 'त्यांनी आठवण ठेवली!' 'आजपासून दवाखान्यात सायकलनेच!'

थोरलीने जावयांना फोन लावला.

"ताई!" जावई धापा टाकत म्हणाले. "अहो, मी गाडी विकायचं ठरवलंय!"

"ऐका ना, मला एक सांगायचं होतं..."

"काही सांगू नका ताई! मलाच भरून आलंय. आयुष्यात मला मापाचं काही मिळालं नव्हतं हो! ठेवतो, चढ आलाय."

थोरली पायरीवर बसली. "आई, त्यांना वाटतंय बाबांनी सायकली वाटून दिल्या."

"मग? दिल्या नाहीत?"

"नाही! गरम करायला दिल्या होत्या!"

"काय गरम करायला?"

"सायकली!"

"अगं, मलाही तसंच वाटलं. फोटोपुरत्या परत आणतीलच की," आई म्हणाली. "मी म्हटलं, पोरीने किती नीट केलंय सगळं. त्यांच्याच दुकानाचं कार्ड काय, पांढरा दोरा काय! आता मागून आण परत. जा. मावशीच्या दारात उभी राहा आणि तिच्यासमोर तिचं नाव खोड."

हे थोरलीच्याने सात जन्मांत झालं नसतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"फोटोंचं काय करू? मंडळाला शब्द दिलाय."

आईने मोबाइल हातात घेतला आणि लांब धरून एकेक फोटो बघितला. झोपलेल्या कुटुंबापाशी ती जरा थांबली. "हेच लाव. माणसं तरी दिसतात. त्यांच्या अकरा अल्बमांत माणूस म्हणून नाही!"

थोरलीने विचार केला. आठ सायकली गेल्या याचं तिला दुःख व्हायला हवं होतं. ती मनात शोधायला लागली, पण ते सापडेना. उलट जावयांच्या धापा आठवून बरंच वाटत होतं. हाताला काही लागत होतं ते एकच, आणि ते हिरवं होतं.

"तुझा चेहरा का असा?" आईने विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? काय हवंय?"

"काही नको."

एवढ्यात मावशी अंगणात आल्या. सीट अर्धा बोट वर होती. थोरलीने पान्याने ती खाली केली, आणि आपलाच आवाज तिच्या कानावर पडला, "मावशी, दहा मिनिटं देता मला?"

"घे की. पण जपून हं! तुझ्या बाबांनी दिलीय मला."

थोरली सायकलीवर बसली. सीट मावशींच्या मापाची, म्हणजे गुडघे हनुवटीशी. बावीस वर्षांनी ती पायडल मारत होती. इतकी वर्षं सायकली फक्त धरल्या आणि सोडल्या होत्या. पहिली वीस पावलं ती हँडलशी भांडली. मग हँडलने ऐकलं. गल्लीच्या तोंडाशी उतार लागला, पाय थांबले आणि चाकं स्वतःच फिरायला लागली. भिंती मागे जात होत्या. वारा कानात शिरत होता. तिने एकदा घंटी वाजवली. समोर कोणीच नव्हतं. मग आणखी एकदा वाजवली. बागेच्या कोपऱ्यावर दातांचे डॉक्टर भेटले. ते बागेला प्रदक्षिणा घालत होते.

"चौथी फेरी!" ते ओरडले. "पेशंट बसलेत, बसू देत!"

"क्लच काका दिसले का?"

"स्कूलच्या मैदानाकडे गेले! पण चालत का जात होते कोण जाणे!"

ड्रायव्हिंग स्कूलचं मैदान म्हणजे चुन्याच्या पांढऱ्या रेघा, जुने टायर आणि प्लॅस्टिकचे लाल शंकू. एका कोपऱ्यात शिकाऊ गाडीत एक बाई स्टिअरिंगला बिलगून बसल्या होत्या. मधोमध क्लच काका उभे होते. एका हाताने हिरव्या सायकलीचं हँडल धरलेलं, जसं कोणी अनोळखी माणसाचा घोडा धरून उभं राहावं.

"काका! कशी वाटली सायकल?"

"फर्स्ट क्लास!" काका जरा जास्तच जोरात म्हणाले. "लोण्यासारखी! मोठी चक्कर मारून आलो आत्ताच."

त्यांची विजार दुमडलेली नव्हती, आणि घामाचा पत्ता नव्हता.

"हो का? छान."

"छानच. तुला... म्हणजे, तुला कशाला हवी असेल म्हणा. हवी आहे का?"

इतक्या वर्षांनी प्रश्न परत समोर आला होता, दोन पावलांवर, पितळी घंटीसकट. थोरलीने तोंड उघडलं.

"नको, नको," ती म्हणाली. "तुम्हाला दिलीय ना. असू दे."

काकांचा चेहरा पडला. थोरलीला वाटलं, बाबांच्या आठवणीने पडला. ती वळली, मावशींच्या सायकलीवर बसली आणि फाटकाकडे निघाली. स्वतःचा तिला इतका राग आला होता, की पायडल मारताना ती मोठ्याने मोजत होती. काय मोजत होती ते तिलाही सांगता आलं नसतं.

फाटकापाशी मागून आवाज आला. आधी "अरे अरे अरे," मग शंकू उडाल्याचा ठप्प ठप्प, आणि मग धडाम!

थोरलीने मावशींची सायकल तिथेच टाकली आणि जी झेप घेतली, ती तिच्या आयुष्यातली सर्वांत लांब झेप होती. काका दोन टायरांच्या मधोमध आडवे होते. सायकल त्यांच्या अंगावर होती.

तिने आधी सायकल उचलली. चाक फिरवून बघितलं, हँडल सरळ केलं, मडगार्डवरची माती ओढणीने पुसली.

"अगं," जमिनीवरून आवाज आला, "मीही पडलोय."

"अय्या काका! लागलं का?"

"अब्रूला," काका म्हणाले. उठून बसले, तोंडातला चुना थुंकला, आणि गाडीतल्या बाईंकडे बघून आवाज खाली आणला. "तुझी पाठ वळली म्हणून बसून बघितलं. मला येत नाही गं सायकल! कधीच आली नाही. मला चार चाकं लागतात. तुझ्या बाबांना ठाऊक होतं आणि त्यांनी कोणाजवळ बोभाटा केला नाही. म्हणून तर सकाळपासून हादरलोय मी! म्हटलं, ह्या माणसाने जाता जाता माझ्या नावाने सायकल कशाला ठेवली? शेवटचा टोमणा मारला की काय?"

"नाव आईने लिहिलंय, काका. ऐन वेळेला."

"वहिनींनी?" काकांनी इतका मोठा सुस्कारा सोडला, की शेजारचा शंकू हलला. "मग आधी सांगायचं ना! सकाळपासून ही बया धरून गावभर हिंडतोय. ठेवावी तर लोक म्हणणार, मित्राची शेवटची भेट टाकून दिली!"

दोघंही टायरवर बसले. सायकल थोरलीने एका हाताने धरली होती.

"आणि ही तर तुझीच," काका गुडघा चोळत म्हणाले. "माझ्याच गाडीच्या टपावर बांधून आणली आम्ही. तेरा वर्षांची होतीस तू. वाटभर हा माणूस खिडकीतून मान बाहेर काढून टपाकडे बघत होता. मी म्हटलं, अरे पोलीस धरतील! आणि घरी आणल्यावर तू काय म्हणालीस? पाय पुरत नाहीत!"

थोरलीने घंटीवरून बोट फिरवलं.

"संध्याकाळी माझ्याकडे आला. मला वाटलं चिडला असेल. तर म्हणाला, पुरतील हळूहळू. थांबू." काकांनी तिच्याकडे बघितलं. "मग? आता तरी नेतेस ना?"

जीभ दातांना लागली. 'न' तयार झाला. सवय ती सवय! थोरलीने तो तसाच गिळला, आणि इतका वेळ लावला, की काकांना वाटलं हिलाही कुठे लागलंय.

"हवी आहे," ती म्हणाली.

"हां, मग ने की..."

पण ती काकांशी बोलत नव्हती. ती उठून उभी राहिली होती, दोन्ही हातांनी ते हँडल धरून, आणि रिकाम्या सीटकडे बघत भर मैदानात मोठ्याने बोलत होती. गाडीतल्या बाईंनी दचकून क्लच सोडला आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं.

"बाबा, हवी आहे मला! तेव्हाही हवी होती, त्या शनिवारीही हवी होती. आणि पाय पुरत होते माझे. तुम्ही दुकानात गेल्यावर मी बसून बघितलं होतं. दोन्ही पुरत होते!"